अष्टमीची ओटी आणि मऊ पेडल

देवीला मी नको आहे, हे माझ्या दिरांनी मला सांगितलं तेव्हा मी गाडीखाली होते. पुण्यात विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग, नवरात्रातली सप्तमीची दुपार आणि हात कोपरापर्यंत काळे. यांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. आमच्याकडे अष्टमीला कुलस्वामिनीची ओटी थोरल्या सुनेनं भरायची, म्हणजे मी. पण विधवेनं ओटी भरायची नसते, म्हणून यंदा धाकटी जाऊ भरेल असं घरात ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मग मीही कोणाला न विचारता ठरवलं, की यांची जुनी गाडी स्वतः चालवत बोपदेव घाटापलीकडच्या तिच्या देवळाशी न्यायची आणि ओटी मीच भरायची.

ब्रेक उघडून साफ करणं हा आमचा दोघांचा सुट्टीचा उद्योग होता. हे गाडीखाली आणि मी पाने हातात देणारी. बघून बघून मला सगळं येतं असा माझा समज होता. पुढच्या चाकांचे कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळून धरणारे लोखंडी चिमटे, मी काढले, धुतले, नवी रबरं घालून परत बसवले. पेडल दाबलं, तर ते भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं थेट तळाला गेलं. आत हवा राहिली की असं होतं. ती काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून कॅलिपरवरची छोटी तोटी, म्हणजे निपल, सैल करायचं आणि तेलाबरोबर हवा बाहेर सोडायची. माझं दुसरं माणूस आता नव्हतं. पेडलवर वीट ठेवून पाहिली, काठी टेकवून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

त्यातच माझा बेत कळून दीर येऊन उभे राहिले. "वहिनी, आता तरी समजून घ्या. देवीनंच थांबवलंय तुम्हाला."

"देवीला सांगायचं असेल तर ती मला सांगेल, भावजी. तुमच्याकडे निरोप कशाला ठेवेल?"

ते तडक निघून गेले. तोंडानं मी जिंकले होते, पण खरं सांगते, परत गाडीखाली शिरले आणि रडले. खरंच तिला मी नको असेन तर? कुंकवाबरोबर माझं तिच्याशी असलेलं नातंही पुसलं गेलं असेल तर? मग मला तिचाच राग आला. नको असेन तर माझ्या तोंडावर सांग, म्हटलं, मी उद्या येणार म्हणजे येणार, चालत यावं लागलं तरी.

"काय करून राहिली व पोरी?"

समोरच्या इमारतीत राहायला आलेल्या एका काकू वाकून बघत होत्या. अमरावतीकडच्या, मुलगा खराडीत आयटीत. आमची साधी ओळखही नव्हती. त्यांचंही कपाळ मोकळं होतं. मी अडचण सांगितली, तशा चपला बाहेर काढून त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. "जय जगदंबे" म्हणत पेडल दाबायच्या आणि मी सोडा म्हणेपर्यंत धरून ठेवायच्या. बराच वेळ असं केलं. निपलमधून नुसतं स्वच्छ तेल येत राहिलं आणि पेडल मऊच.

शेजारच्या सीटवर माझी ओटीची पिशवी होती. काकू दम खात म्हणाल्या, "नारळ उलटा काऊन ठेवला व? शेंडी वर पाहिजे ना."

मी पान्यासकट थबकले. माझ्या नजरेसमोरचं निपल जमिनीकडे तोंड करून होतं. हवा नेहमी वर जाते. तिची वाट खाली ठेवली तर ती बाहेर येणार कशी? निपल वर यायला हवं, पण डावा कॅलिपर मी उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. खराडीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी मी! दोन्ही अदलाबदल करून लावले, काकूंनी पेडल दाबलं आणि निपलमधून बुडबुडेच बुडबुडे आले. शेवटी काकू म्हणाल्या, "आता टणक लागून राहिलं." मग पिशवीतला नारळ सरळ करत, "मले नेशील का संग? आमचे मालक गेल्यापासून ओटी नाही भरली मी."

अष्टमीला गाभाऱ्याशी गुरवांनी आम्हा दोघींची मोकळी कपाळं पाहिली आणि विचारलं, "तुमच्यात सवाष्ण कोण?"

"ती समोर उभी आहे ना, तीच," मी म्हणाले. "ओटी तिची आहे. आम्ही फक्त भरणाऱ्या."

मागे रांगेत कुजबुज झाली. गुरव बाजूला सरले. खण आणि तांदूळ मी काकूंच्या ओंजळीखाली ओंजळ धरून वाहिले. "लय दिवस लावले व माय," त्या देवीला म्हणाल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. मीही रडले. येताना सबंध घाट उतरले, ब्रेक चोख लागत होता.

काकूंना कोणी पाठवलं, हे मी कोणाला पटवून देत बसत नाही. मला एवढंच कळलं, की मी एकटीनं करून दाखवायला निघाले होते आणि देवीआईनं नेमकं दोघींचं काम पुढ्यात टाकलं. तिथे मात्र मी हात टेकले, आनंदानं टेकले. पुढच्या नवरात्रात काकूंनी त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या, मोकळ्या कपाळाच्या आणखी एकीला येतेस का म्हणून विचारलं, ती "लोक काय म्हणतील" म्हणत घरात गेली आणि साडी बदलून आली. मी मागची सीट झाडून दिली.