साक्ष दिली आणि गाव सुटलं

वरूडच्या स्टँडवर आम्ही तिघं उभे होतो. मी, माझे बापूकाका आणि गोदाकाकू. आम्हाला पोचवायला कोणीही आलं नव्हतं. ज्यांच्या बागेत काकांनी आपल्या हातानं संत्र्याची कलमं लावून दिली होती, ती माणसं त्याच फलाटावर होती आणि अमरावतीच्या गाडीकडे अशी बघत होती, जशी त्यांनी एस. टी. आधी कधी पाहिलीच नाही. हमालानं आमच्या ट्रंकेला हात लावला नाही. काकांनी ती स्वतःच्या डोक्यावर घेतली. काकूंनी पदर तोंडावर ओढला. मी मात्र डोकं उघडं ठेवून मुद्दाम सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि लग्नानं, नोकरीनं नागपूर-मुंबईकडे गेलेल्यांनो, तुम्ही भेटलात की हळूच विचारता, ‘कमल, तू गाव काहून सोडलं?’ बसस्टँडवर उभ्या-उभ्या सांगण्यासारखं ते नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे.

माझा भाऊ शरद माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तुम्हाला तो आठवत असेलच. गोरा, शिडशिडीत, बोलायला मऊ. अमरावतीच्या कॉलेजातून अर्ध्यावर परत आला तेव्हा बाबा त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मग त्यानं बागेचा व्यवहार हातात घेतला आणि दोन बहारांत आमच्या घराचं रूप पालटलं. दारात जीप आली, ओसरीवर रेडिओ आला, मायच्या हातात पाटल्या आल्या. बाविसाव्या वर्षी त्याच्या पुढं तालुक्यातले मोठमोठे दलाल खुर्ची सोडून उभे राहायचे. बाबा म्हणायचे, ‘शिकला नाही पण डोकं पाहा त्याचं!’ आम्हाला वाटायचं, हे सगळं संत्र्याचं आहे.

तो कधी ओरडला नाही. लहानपणी नाही, मोठेपणी नाही. आमच्याकडे पेट्या भरायला शंकर नावाचा जवान गडी होता. एकदा त्याचे दोन्ही हात ट्रकच्या फळीखाली चेचले गेले. शरदनं त्याच्या आईकडे मिठाई पाठवली, दवाखान्याचा सगळा खर्च केला. आम्ही म्हटलं, केवढं मन याचं! शंकरनं बाजारात काहीतरी बोलून दाखवलं होतं आणि ती फळी आपोआप पडली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या वर्षीच्या आंबिया बहाराची संत्री तोडायला आली होती. मी दुपारची भाकर घेऊन बागेत गेले होते. मांडवात एकटा शरद होता. एरवी पेट्यांना हात न लावणारा माझा भाऊ स्वतः खाली बसून पेटीच्या तळाशी पळसाच्या पानांत गुंडाळलेले काळपट गोळे रचत होता. वर गवत, गवतावर संत्री. वास उग्र, डोक्यात जाणारा.

‘हे काय हाये, भाऊ?’

‘ढोराचं औषध,’ तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून असा छान हसला की मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

चार-आठ दिवसांनी अबकारीचे लोक पोलीस घेऊन आले. भरउन्हात, सगळ्या मजुरांसमोर त्यांनी पेट्या फोडल्या. संत्री मातीत घरंगळली आणि ते गोळे बाहेर आले. ती अफू होती. वरच्या मुलखातून यायची आणि आमच्या फळांखाली दडून पार अकोल्या-भुसावळपर्यंत जायची. मजूर दोन पावलं मागं सरकले.

साहेबांनी विचारलं, ‘माल कोणाचा?’

शरदनं क्षणाचाही वेळ घेतला नाही. ‘काकाजीचा,’ तो म्हणाला. ‘पेट्या तेच भरतात, साहेब. मले तर हे काय आहे हेही माहीत नाही.’

बापूकाका हातात कात्री घेऊन झाडाखाली उभे होते. ते हसले. खरंच हसले. त्यांना वाटलं, पोट्टा मजाक करून राहिला. त्यांना मूलबाळ नव्हतं, शरद त्यांच्याच खांद्यावर वाढलेला. ते हसत-हसत शरदकडे पाहत राहिले आणि मग ते हसू तसंच तोंडावर राहून गेलं, पण डोळे बदलले. त्यांनी बाबांकडे पाहिलं. आपल्या मोठ्या भावाकडे. बाबा विहिरीकडे बघत होते. बाबांना ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी कळलं. काकांनी कात्री मिटून हळूच झाडाच्या बेचक्यात ठेवली आणि पोलिसांबरोबर गेले.

त्या संध्याकाळी शरद जेवायला बसला. काकू शेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडतही नव्हत्या. शरद शांतपणे जेवला आणि म्हणाला, ‘माय, आणखी एक भाकर दे.’ मायनं वाढली. त्यावर तेलही घातलं. मी ताटावरून उठले ती थेट अंगणात जाऊन उभी राहिले. पुढं नर्स झाल्यावर वॉर्डात मी बरंच पाहिलं, माणसं मरताना पाहिली. पण अंग असं थंडगार पुन्हा कधी पडलं नाही.

मी मायला सांगितलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पेटी शरद भरत होता. ती म्हणाली, ‘तुह्या काकाचं वय झालं वं पोरी. त्याच्या मागं ना लेक ना लेकरू. शरदचं सारं आयुष्य जायचं हाये.’ बाबा एवढंच म्हणाले, ‘घरातली गोष्ट घरात राहू दे.’ जसे काही काका घरातले नव्हतेच.

काकूंनी मला कधी काही म्हटलं नाही. एकदा फक्त, ‘माह्यासंग जेलात येतं का, मले एकटीले भेव लागते,’ म्हणाल्या. अमरावतीच्या जेलात जाळीपलीकडे काका आले. दाढी वाढलेली. मला वाटलं, शरदचं नाव घेतील, शिव्या देतील. त्यांनी विचारलं, ‘औंदाच्या कलमांले पाणी देतं का कोणी?’ दुसरं काही नाही. काकूंनी हो म्हटलं. खरं तर सगळी कलमं वाळली होती.

परतीच्या गाडीत मी काकूंना सांगितलं, मी कोर्टात बोलणार.

कोर्टात मी साक्षीला उभी राहिले. सरकारी वकिलानं विचारलं, काकूनं शिकवून आणलं काय, भावाशी वैर आहे काय. मी सांगितलं, ‘मी पाहिलं ते सांगून राहिली.’ शरद मागच्या बाकावर पांढरेशुभ्र कपडे घालून बसला होता आणि माझं बोलणं असं ऐकत होता जशी मी शाळेत कविता म्हणते आहे. काका सुटले. शरदवर मात्र काही शाबीत झालं नाही. मजुरांपैकी एकही बोलला नाही, आणि शंकरचे हात सगळ्यांनी पाहिलेले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला. ‘खरं बोलली तू. बरं केलं,’ तो म्हणाला. ‘आता घरी येऊ नको.’

तरी आम्ही गेलो. काका-काकूंची ट्रंक आणि माझ्या कपड्यांचं बोचकं अंगणात ठेवलेलं होतं. दार आतून लावलेलं. मी हाक मारली. दारामागं बांगड्या वाजल्या, म्हणजे माय तिथंच उभी होती. पण तिनं कडी काढली नाही. ऊन कलेपर्यंत मी पायरीवर बसले आणि मग आम्ही तिघं स्टँडकडे निघालो.

काकूंच्या भावानं अकोल्याला जुन्या शहरात आम्हाला दोन खोल्या बघून दिल्या. मोर्णा नदीच्या या बाजूला, इतक्या अरुंद गल्लीत की समोरच्या घरात फोडणी पडली की ठसका आमच्याकडे. मोकळ्या बागेत वाढलेली मी, पहिले काही महिने मला श्वासच पुरायचा नाही. गावी पहाटे मोर ओरडायचे, इथं नळाच्या रांगेत बादल्या. शेजारी सुगंधाबाई राहायच्या. छप्पन साली धम्म घेतलेलं त्यांचं घर, त्या स्वतः शाळेत मास्तरीण. आमची हकिगत त्यांना कळली तेव्हा त्यांनी कसलाही सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी नर्सिंगच्या ट्रेनिंगची माहिती काढून आल्या. ‘मॅट्रिक आहेस ना? मग रडत काय बसलीस?’ म्हणाल्या. मी ट्रेनिंगला लागले. काकांना एका सार्वजनिक बागेत माळ्याचं काम मिळालं. संत्र्याच्या माणसाला गुलमेंदीच्या वाफ्यांना पाणी घालताना बघून मला वाईट वाटायचं. ते म्हणायचे, ‘झाड ते झाडच असते, बाई.’

ड्यूटी, वॉर्ड, चार्ट, राउंड असे शब्द माझ्या तोंडात बसले. घरी मी ‘मले’ म्हणायची, दवाखान्यात ‘मला’. सिस्टर म्हणून लोक उठून उभे राहू लागले. एकदा एक हमाल आला, हाडांचा सापळा. अफूशिवाय त्याच्या पोटात पाणी ठरेना. त्याची बायको पायाशी बसून सांगत होती, ‘संत्र्याच्या गाडीसंग येते, बाई.’ मी सलाइनची सुई हातात धरून तशीच उभी राहिले. शरद थांबलेला नव्हता. तो आणखी मोठा झाला होता.

आणि मग एका रविवारी, भर दुपारी, तो आमच्या दारात उभा राहिला. टेरिलीनचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. वाकून काकांच्या पाया पडला. खाटेवर बसला, माझ्याकडे पाणी मागितलं. इकडचं-तिकडचं बोलला. मग म्हणाला, ‘बाबा गेले.’

काकांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. ‘कुठी गेले?’

‘वारले. झाले आता दीड-दोन महिने.’

मी हातातला तांब्या खाली ठेवला. माझा बाप मेला होता, दहावं-तेरावं सगळं होऊन गेलं होतं आणि मी इथं त्या दिवसांत इंजेक्शनं देत होते, दिवाळीला काकूंना लुगडं घेत होते. काका खाली जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं, ‘शेवटी काही म्हणला का रे माह्या दादा?’

‘मी नव्हतो घरी,’ शरद म्हणाला आणि खिशातून कागद काढला. बागेतला काकांचा हिस्सा त्याला नावावर करून हवा होता. तेवढ्यासाठीच आला होता.

काकांनी आयुष्यात त्याला कशालाही नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, ‘नाही देत.’

शरद उठला, कागदाची नीट घडी घातली. ‘विचार करा, काकाजी,’ त्याच मऊ आवाजात म्हणाला. ‘कमलले रोज पुलावरून जा लागते. रस्ता काही चांगला नाही.’

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माझा भाऊ होता. मला तापात याच्या मांडीवर झोप लागायची.

आणि तेव्हा गोदाकाकू उठल्या. ज्या बाईचा आवाज मी कधी भिंतीपलीकडे गेलेला ऐकला नव्हता, ती गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली. ‘या वो, या! पाहा ह्याले! यानं सख्ख्या काकाले जेलात घातलं! बाप मेला तं सांगितलं नाही! आता बहिणीले मारतो म्हणते! अफूवाला हाये हा, पाहून घ्या तोंड!’

दारं उघडली. सुगंधाबाई कणकेचे हात पुसत आल्या. कोपऱ्यावरचे शिंपी रहीमचाचा मशीन सोडून आले. बाया ओट्यांवर, पुरुष गल्लीत. कोणी हात उगारला नाही. नुसते उभे राहून त्याला पाहत होते. सुगंधाबाईंनी मोठ्यानं विचारलं, ‘नाव काय म्हणालात तुमचं? गाव कुठलं?’ कोर्टाला न घाबरलेला माझा भाऊ त्या गल्लीत घामाघूम झाला. त्याचा सगळा धंदा लोकांनी तोंड मिटून राहण्यावर चालत होता. त्यानं चष्मा चढवला आणि गर्दीतून अंग चोरत निघून गेला. त्यानंतर बरेच महिने मला पुलापर्यंत पोचवायला रोज कोणी ना कोणी बरोबर असायचं. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढं दोनेक वर्षांनी शरद वरूडच्या पुढं घाटात मेलेला सापडला. त्याच्याच माणसांनी मारला म्हणतात. वय तिशीच्या आतलं. मला बातमी दवाखान्यात कळली. मी राउंड पूर्ण केला, मग लिननच्या खोलीत जाऊन बसले. रडू आलं. ते का आलं, मला आजही सांगता येत नाही.

मी गावी गेले. जीप नव्हती, रेडिओ नव्हता, बाबांच्या हिश्श्याच्या बागेवर दुसऱ्याचंच नाव सांगत होते. माय ओसरीवर एकटी होती. मी म्हटलं, चल. ती उठली, लुगडी बांधली आणि माझ्यामागं चालू लागली.

तीन वर्षं झाली, ती आमच्याकडे आहे. काका तिला वैनी म्हणतात, तिच्या पायांना तेल लावायला काकू बसतात. माझ्याशी ती औषधापुरतं बोलते. परवा गल्लीत नवं बिऱ्हाड आलं. त्या बाईनं ओट्यावर बसलेल्या मायला विचारलं, ‘तुमी सिस्टरची आई ना?’

मी दारात चपला घालत होते. मायनं नाही अशी मान हलवली. ‘मी शरदची माय,’ ती म्हणाली.

सगळी गल्ली ऐकत होती. ज्यांनी त्याला हाकलून दिलं, तीच माणसं. सुगंधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरी चप्पल पायात सरकवली. रहीमचाचांनी घरून मायसाठी लिंबाचं लोणचं आणलं होतं, ते त्यांनी तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘हां अम्मा, बैठो.’

तुम्ही विचारता, आता गाव आठवतं का. आठवतं. पण कोणी घर कुठं म्हणून विचारलं, तर मी जुन्या शहरातला हा ओटा सांगते. इथं शरदच्या मायलाही बसायला जागा आहे.