सोमीमावशीचे दात

सोमीमावशीच्या मुलाचा, जयरामचा, फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. नागलीची कणसं झोडता झोडता मावशी खळ्यातच खाली बसली, छातीला हात लावला, आणि जीपने मोखाड्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं सांगितलं. मी नाशिकहून खोडाळ्याला आणि तिथून पाड्यावर पोहोचले, तर ओटीवर लहानूमामा बसला होता. माझ्या आईचा आणि सोमीमावशीचा हा धाकटा भाऊ. माझ्याकडे न बघता म्हणाला, "टाळूचं मांस काढून हिरडीला लावलं ना, तथूनच जीवाला वाट झाली..." भोवतीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मावशी अजून घरात होती, तिला न्यायचं होतं, म्हणून मी गप्प बसले. त्याला आता काही आठवडे झाले. तरी ते वाक्य कानातून जात नाही आणि माझा राग उतरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटाने हिरड्यांवर घासायची. मुलीला ती आईच लावायला शिकवते. दात दुखला की मशेरी, पोट साफ झालं नाही की मशेरी, भूक मारायची असली तरी मशेरीच. मावशी परकरात होती तेव्हापासून लावत होती. हिरड्या हळूहळू खाली सरकल्या, खालचे पुढचे दात लांब दिसायला लागले, त्यांची मुळं उघडी पडली. झऱ्याचं पाणी तोंडात घेतलं की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. पावसात शेतातले खेकडे चुलीत भाजले की सगळ्यांच्या आधी नांगी उचलून कडाकडा फोडणारी ही बाई, ती नुसता रस्सा ओरपायला लागली. हसायची ते पदर तोंडाशी धरून. घरातल्यांचं म्हणणं एकच, वय झालं. वय कसलं डोंबलाचं? मावशी रानातून लाकडाची मोळी आणायची तेव्हा तिचं वय कुणाला आठवायचं नाही.

एकदा खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी दातांचं शिबिर लागलं. मी सुट्टीला आले होते, तिला घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने तिला तोंड उघडायला लावलं, एका दाताला बोट लावलं आणि पुढच्या माणसाकडे बघत म्हणाला, "हलतायत. काढून टाकू, नंतर कवळी बसवू." झालं, तपासणी संपली. मावशी खुर्चीवरून उठली. "हायत तवर ते माझं दात हायत," ती म्हणाली, "मी काहाला काढाया देऊ?" रांगेतले लोक हसले. डॉक्टरही हसला. तंबाखूची पानं त्या मंडपापासून हाकेच्या अंतरावर ढिगाने विकायला होती, त्यांना मात्र कुणी काही बोलत नव्हतं. मला त्या हसण्याचा आजही संताप येतो.

मग मी तिला नाशिकला आणलं. हिरड्यांचे वेगळे डॉक्टर असतात हे मलाही तेव्हाच कळलं. त्या डॉक्टरीणबाईंनी तिला आरसा हातात दिला आणि तिचेच दात तिला दाखवले. एक दात फारच ढिला होता, तो काढावा लागेल म्हणाल्या. बाकीच्यांची मुळं आधी स्वच्छ करू, मग टाळूवरून कातडीचा पातळ तुकडा काढून हिरडी सरकली आहे तिथे शिवू. "सगळं मूळ झाकलं जाईलच असं नाही सांगत. पण हिरडी आणखी सरकायची थांबेल, पाणी लागायचं कमी होईल. मात्र मशेरी बंद. ती लावलीत तर तुकडा धरायचा नाही." मावशीने आरशातून नजर काढली नाही. परत निघताना एसटीत मला म्हणाली, "माझ्याच टाळूचं, माझ्याच हिरडीला. कुणाचं काय मागाया नाय लागत."

मशेरी सोडणं काय असतं ते ज्याने सोडली त्यालाच विचारावं. तिचे हात कापायचे, चिडचिड व्हायची, जयरामची बायको सुनंदा सांगायची की सकाळी सासूबाईंसमोर जायची सोय नाही. पण सोडली. डबी तिने राखेने घासली आणि तिच्यात मीठ भरलं, कोमट पाण्यात टाकून गुळण्या करायला. शस्त्रक्रिया झाली, तोंड सुजलं, पाड्यावर परतली तर बघायला ही गर्दी! शिवलेली हिरडी कधी कुणी पाहिली होती? "ओठ खाली ओढून दाखव ना." डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच करायचं नाही म्हणून बजावलं होतं. मावशी पदराने तोंड झाकून बसली, गार केलेली नागलीची पेज प्यायली आणि हाताच्या इशाऱ्याने तिने सगळ्यांना वाटेला लावलं. पाठीमागे लोक बोललेच, म्हातारीला आता लग्न करायचंय वाटतं. असं बोलणाऱ्यांत बायकाही होत्या, ज्यांच्या हिरड्यांची तीच गत होती.

तुकडा धरला. पुढच्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा ती माझ्यासमोर झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायली, डोळे उघडे ठेवून. नांगी दाताने फोडायची नाही, ही डॉक्टरांची ताकीद तिने पाळली, वरवंट्याने ठेचून आतलं मांस चावून चावून खाल्लं. मऊ केसांचा निळा ब्रश तिने कारवीच्या कुडाच्या भिंतीत, चुलीजवळच्या एका फटीत खोवून ठेवला होता. आणि हसली ती पदराशिवाय. त्यानंतर वर्षभराहून जास्त जगली, शेत लावलं, कापलं, झोडलं. त्यात सुनंदालाही तिने मशेरी सोडायला लावली होती, कारण तिच्याही हिरड्या सरकायला लागल्या होत्या. नागली घरात आली की सासूसुना मिळून नाशिकला येणार होत्या.

आणि मामाच्या त्या एका वाक्याने काय केलं? पाड्यावर सगळीकडे तेच झालं. सोमी टाळू कापून घेतली म्हणून मेली. सुनंदाच्या आईने निरोप धाडला, माझ्या पोरीला त्या दवाखान्यात नेऊ नका. जयरामसुद्धा माझी नजर टाळायला लागला. माणूस गेल्याचं दुःख मी समजू शकते. पण तिने आयुष्यात स्वतःसाठी केलेली ही एकच गोष्ट, तिच्याच मरणाचं कारण म्हणून सांगायची?

दिवसकार्याला मेलेल्या माणसाच्या नावाने पान मांडायची आमची रीत आहे. त्याला जे जे आवडायचं ते ते त्यात ठेवायचं. भात होता, उडदाची आमटी होती, भाजलेला खेकडा होता. शेवटी लहानूमामा पुढे झाला, त्याने कमरेची स्वतःची डबी काढली आणि पानाच्या कडेला चिमूटभर मशेरी ठेवली. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी हात घातला आणि ती मशेरी उचलून अंगणात भिरकावली. "तिने सोडली होती," मी ओरडले. "हात कापत होते तिचे, तरी सोडली होती. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला वाटलं मामा मारायला उठेल. तो तसाच बसून राहिला, उघडी डबी हातात धरून. "मंग काय देऊ तिला?" तो म्हणाला. "भात सगळ्यांचा. खेकडा सगळ्यांचा. तिचं तिचं असं... दुसरं काय होतं?"

सुनंदा उठली, घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो निळा ब्रश होता. तिने तो पाण्याने धुतला आणि पानात, मशेरी ठेवली होती त्याच जागेवर ठेवला. कुणी हसलं नाही. मामाने डबी मिटली आणि पानाभोवती पाणी फिरवलं.

माझा राग त्याने गेला असं मी म्हणणार नाही. शिबिरातल्या त्या डॉक्टरवर आहे, वाटेल ते बोलणाऱ्या तोंडांवर आहे, मामावरही आहेच. पण मागच्या आठवड्यात पाड्यावर गेले होते. सुनंदा पाण्याला गेली होती. चहासाठी चूल पेटवायला वाकले तर कुडातल्या त्या फटीत एक नवा ब्रश खोवलेला दिसला, हिरवा. त्याचे केस ओले होते. मी मावशीची डबी काढून उघडून बघितली. तिच्यात मीठ होतं.