सुनेचं औत आणि माझी सहा मिनिटं

फौजेतून निवृत्त होऊन इस्लामपूरला घरी आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथं माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. सतरा वर्षं मी फोनवर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. शेळ्या केव्हाच आपल्या वाटेला लागल्या होत्या. उसाची तोड, गॅसची टाकी, सगळं आई आणि बायको बघत होत्या. मी पाहुण्यासारखा मधल्या खोलीत चहा पीत बसायचो. खरं सांगतो, मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

त्याच खोलीत बायकोचा कॉम्प्युटर होता. बांधायची घरं उभी राहिल्यावर कशी दिसतील याची चित्रं ती त्यावर करते, भिंतीच्या रंगासकट आणि दारातल्या तुळशीसकट. एक चित्र पक्कं होऊन बाहेर पडायला मशीनला पंचेचाळीस मिनिटं लागत. तेवढ्यात ती भाकऱ्या थापून येई, स्क्रीनकडे बघे आणि परत आत जाई.

"आपण प्रोसेसर ओव्हरक्लॉक करूया," मी एका सकाळी म्हणालो. "कंपनीनं ठरवलेल्या वेगापरास जरा जास्त पळवायचा. तुझ्या मशीनला तशी सोय हाय, मी बघितलंय."

"आन बिघडलं तर?"

"मी हाय की."

"सतरा वर्षं फोनवर हेच म्हणत हुतासा," ती हसतच म्हणाली, पण लागायचं तिथं लागलं. "माझं सगळं काम त्यात हाय. आधी त्याची कॉपी दुसरीकडं ठेवा. आन बिघडलं, तर परत माझ्या मशीनला हात लावायचा न्हाई."

एवढ्या मोठ्या घरात मला मिळालेलं ते एकच काम होतं. ते घालवायचं नव्हतं.

कॉपी केली. मूळ आकडे वहीत उतरवून घेतले, ती फौजेतली सवय. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत गेल्या हंगामातली साखर कारखान्याची काजळी साचलेली. ती ब्रशनं झाडली, सांगलीहून मोठा पंखा आणला, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावून तो बसवला. व्होल्टेज हा खरा धोक्याचा भाग, त्याला हात लावायचा नाही. वेग एकावेळी एकच पायरी वाढवायचा, मग अर्धा तास मशीनला मुद्दाम राबवायचं आणि तापमान ऐंशीच्या पुढं गेलं तर निमूट मागं यायचं, असं ठरवलं.

ठरवलं खरं, पण दुसऱ्याच दिवशी मी तीन पायऱ्या एकदम चढलो. पडदा आधी निळा झाला, मग काळा. बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून परत घातला, तेव्हा कुठं मशीन जुन्या वेगावर जागं झालं.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," बायको दारातून म्हणाली.

आई तिथंच लसूण सोलत होती. तिचे वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. रस कढईत कधी गूळ होतो ते ओळखणं हे त्यांचं काम. "जाळ कोण बी वाढवतंय," ती म्हणाली. "पर वाढवला की कढईम्होरनं हलायचं न्हाई."

मग मात्र शहाण्यासारखा चार दिवस एकेक पायरी चढलो आणि तापमान पंच्याहत्तरला आलं तिथं थांबलो. चित्र एकोणचाळीस मिनिटांत येऊ लागलं. मी छाती फुगवून ते घरात जाहीर केलं.

"म्हंजी सहा मिनिटं," बायको म्हणाली. "सहा मिनिटांत माझ्या दोन भाकरी हुत्यात." पण तिनं वेग तसाच राहू दिला.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांना विश्रांती असते आणि त्यांची पूजा होते. विळे, खुरपी, पंप झाल्यावर आई ताट घेऊन मधल्या खोलीत आली. "सुनेचं औत हाय त्ये. त्येची पूजा नगं व्हय?" डब्याला हळदीकुंकू लागलं, वर विडा आणि नारळ आला आणि भोवती झेंडूचा मनगटाएवढा जाड हार पडला. पलटणीत दर दसऱ्याला रायफलींना हार घातलेले मी बघितले होते, त्यामुळे मीही भक्तिभावानं हात जोडले. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय ही पूजा उतरवायची नाही, असा आमच्या घरचा नेम.

दसऱ्याला दुपारी बाराला एका घराचं भूमिपूजन होतं. मालकाच्या म्हाताऱ्या आईला कुदळ पडायच्या आधी आपलं घर बघायचं होतं आणि चित्र मोबाईलवर पाठवायचा शब्द बायकोनं दिला होता. तिनं साडेदहाला मशीन सुरू करून चित्र लावलं. मी आपट्याची पानं आणायला चौकात गेलो, तोवर तिचा फोन आला.

"मशीन आपोआप बंद पडलं." एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. तिनं नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि खुर्ची मोकळी केली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी वही काढली, सगळे आकडे मूळ जागी नेले आणि चित्र पुन्हा लावलं. दोन मिनिटांत तापमान नव्वद! मूळ वेगावरही तापतंय, म्हणजे दोष वेगाचा नव्हता. मग पेस्ट सुकली का? पंखा गेला का? स्क्रीनवरचे आकडे मी वरखाली चाळत बसलो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी पंखा फिरतोय का ते बघायला हात मागं नेला आणि बोटांना झेंडूची गरमागरम फुलं लागली.

मागच्या जाळीवर हार, वरच्या जाळीवर विडा आणि नारळ. आतली गरम हवा जाणार कुठून? रायफलीला श्वास लागत नाही, कॉम्प्युटरला लागतो, आणि मी दोघांनाही सारखाच नमस्कार केला होता.

"आई, हार काढावा लागतोय," मी भीत भीत म्हणालो.

आईनं येऊन हात लावून बघितला. "आगं बया, औताचं नाकच दाबलं की मी!" तिनं स्वतःच्या हातानं हार काढून दाराच्या तोरणाला बांधला आणि नारळ स्क्रीनपुढं ठेवला. "पूजा उतरवली न्हाई, सरकवली," असा निकालही तिनंच दिला.

तापमान भराभर उतरलं. घड्याळात अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती. बाराला त्रेचाळीस मिनिटं उरली आणि मूळ वेगानं चित्राला लागणार पंचेचाळीस. आम्ही तिघांनी मनात तेच गणित केलं.

"वाढवा," बायको म्हणाली.

"अगं पण..."

"चार दिस तपासलंय न्हवं? वाढवा जाळ. पर आता इथनं हलायचं न्हाई तुमी."

इतक्या वर्षांत या घरानं मला दोनच प्रश्न विचारले होते: कधी येणार आणि कधी निघणार. हलायचं नाही, असं मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. वहीतले वाढीव आकडे घातले, मशीन पुन्हा सुरू केलं, खुर्ची ओढली आणि तापमानावर डोळे लावून बसलो. चौऱ्याहत्तरच्या वर ते गेलं नाही.

बाराला दोन मिनिटं कमी असताना चित्र गेलं. पाच मिनिटांनी मालकाचा निरोप आला की आईला घर लय आवडलं, फक्त दारातली तुळस उजव्या हाताला घ्या.

मी पाय मोकळे करायला उठलो.

"कुठं निघालासा?" बायको म्हणाली आणि तुळस उजवीकडं सरकवू लागली. "बसा. आजून एकोणचाळीस मिनिटं हाईत."