भरतीचा ट्रंबोन

माझ्या नवऱ्याला दोन हजार गाणी येतात, अन् त्यातलं एकबी पुरं येत न्हाई. हसू नका. लग्नाला सोळा वर्षं झाली, मला सवताला हे औंदा कळालं.

मी शालू. माहेर घनसावंगीकडचं, सासर जालन्यात मस्तगडला. आमचे हे, कल्याण, गयासोद्दीन मास्तरच्या बँडमधी ट्रंबोन वाजवतात. तो लांब पितळी बाजा असतो बघा, ज्याची दांडी पुढं-मागं सरकते अन् वरातीत पोरं ज्याच्यापुढून वाकून पळतात, तो. लगीनसराईत बँड, अन् बाकीचे महिने सळईच्या कारखान्यात भट्टीपुढं. तिथून येतात तेव्हा डोळे लालभडक अन् छातीत खरखर. फुंकून पोट भरणाऱ्या माणसानं असला धूर खायचा का? पण सुपाऱ्या कमी झाल्या. लोकायला आता डीजे पायजे, भिंती हलल्या पायजेत. आम्ही राहतो ती खोली बँडच्या दुकानावरच आहे, वर पत्रा, खाली ढोल. मला तिथून निघायचं होतं. खोटं कशाला बोलू?

आता बँडमधी कोणाचं काय काम ते सांगते, म्हणजे पुढचं समजंल. गाणं वाजवतो क्लॅरनेट, म्हणजे मास्तर. एक ओळ संपली अन् दुसरी सुरू व्हायची राह्यली, की मधी जरा जागा सुटती. त्या जागेत ट्रंबोन भों-भों करत घुसतो, अन् ओळ आली की गप. ह्याला बँडवाले म्हणतात भरती. मास्तरनं पहिल्याच दिवशी ह्यायला सांगितल्तं, "गाना मेरा, भरती तेरी." वीस वर्षं झाली, ह्यायनं ते वाक्य मोडलं न्हाई.

मंठ्याला रामकिसन म्हणून एक ट्रंबोनवाला आहे. त्यानं मोबाईलवर ग्रुप काढला, 'ट्रंबोन परिवार मराठवाडा'. सत्तरएक माणसं असतील. सकाळी गुलाबाची फुलं अन् देवाचे फोटो, मंग दिवसभर ट्रंबोनच्या बातम्या. कुणी विचारतो दांडी जाम झाली, काय लावू? एक म्हणतो शिलाई मशीनचं तेल, दुसरा म्हणतो कोल्ड क्रीम, तिसरा म्हणतो बायकोला विचार. एकानं विचारलं, पुढचा दात पडला, आता वाजवता येईल का? त्याला बावीस जणायनं हात जोडल्याची चित्रं पाठवली, उत्तर एकानंबी दिलं न्हाई. मी ह्यायला म्हणायचे, "तुमचा ग्रुप म्हणजे सत्तर रिकामटेकडे." हे हसायचे, अन् पुन्हा मोबाईलमधी डोकं.

पण त्याच ग्रुपवर रामकिसननं एक दिवस बातमी टाकली. नगरच्या पलीकडं मुलांची एक निवासी शाळा आहे, तिथं शाळेचा बँड आहे, अन् त्यायला ट्रंबोन शिकवणारा पायजे. राहायला दोन खोल्या शाळेतच. वय चाळिसाच्या आत. वरती मोठ्या अक्षरात लिवलेलं, 'ट्रंबोन भरती'.

हे पाटावरून ताडकन उठले. "शाले, बघ! ते भरतीच मागून राह्यले! अन् मला दुसरं येतं तरी काय?"

गंमत होती ती. नोकरीची भरती अन् बाजाची भरती ह्यातला फरक ह्यायला कळत न्हाई असं न्हाई. पण त्या गमतीत आम्ही दोघंबी असे हरकलो की खाली काय वाचायचं राहून गेलं, ते ध्यानातच आलं न्हाई. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला ह्यायला चाळीस पुरे होतात. म्हणजे हीच गाडी, दुसरी न्हाई. मी म्हणले, आजच पाठवा.

वाजवतानाचा व्हिडिओ मागितल्ता. आमच्याकडं एका वरातीतला होता, पूर्ण बँड होता त्यात, तोच पाठवला अन् खाली लिवलं, लाल फेट्यावाला मी. चार दिवसांनी शाळेतल्या सरांचा फोन आला. हे कारखान्यात, म्हणून मीच उचलला. सर म्हणले, "आवाज फार भरदार आहे त्यांचा. येत्या सोमवारी या. जाहिरातीत खाली लिहिलंय तसं एकट्याने एक गाणं पूर्ण वाजवून दाखवायचं, एवढंच."

एवढंच! मी तर पेढे आणायला निघाल्ते.

संध्याकाळी ह्यायला सांगितलं तर तोंड पांढरं पडलं. "एकट्यानं? पुरं?" मी म्हणले, मंग? इतकी वर्षं काय वाजवून राह्यले तुमी? ह्यायनं बाजा काढला, ओठाला लावला, फुंकला, अन् आली ती भरती. भों-भों-भों, अन् गप. मंग पायानं ताल धरून थांबले. मंग पुन्हा भों-भों. मधल्या वेळात त्यांच्या डोक्यात क्लॅरनेट वाजत होतं, पण मला काय ऐकू येणार? मला ऐकू आला नुसता पत्रा. कपाळ माझं! तेव्हा कळालं, की ह्यायला गाण्यातल्या नुसत्या जागा येतात, गाणं न्हाई.

मी तशीच खाली मास्तरकडं गेले. मास्तर म्हातारा माणूस, क्लॅरनेट पुसत बसल्ता. मी म्हणले, "मास्तर, आठ दिवसांत ह्यायला एक गाणं द्या. मी पदर पसरते."

मास्तरनं मान खाली घातली. "बेटी, वो गया तो मेरा बैंड आधा. ये मैं तेरे से छुपाता नहीं." मंग म्हणला, "लेकिन रोकूंगा नहीं. बाजा भी लेके जाओ, मेरा है तो क्या हुआ." अन् तो खरंच वर आला. आमच्या खोलीत बसून त्यानं क्लॅरनेट वाजवलं, एकेक ओळ, जल्दी न्हाई, हळूहळू. पण झालं काय, मास्तरची ओळ संपली रे संपली, की ह्यायनं भरती टाकली. मास्तर ओरडला, "अरे, मेरे पीछे वही बजा जो मैंने बजाया!" हे म्हणले हो मास्तर, अन् पुढच्या ओळीला पुन्हा भरती. तिसऱ्या दिवशी मास्तर उठला. "इसका हाथ मेरी आवाज पहचानता है," म्हणला, "मेरे सामने ये सीखेगा नहीं."

मंग मी पदर खोचला. मला हळदीचं एक गाणं येतं, आमच्या घनसावंगीकडं बायका नवरीला हळद लावताना म्हणतात. सोळा ओळी. प्रत्येक लग्नात बँडवालेबी ते वाजवतात. म्हणले, क्लॅरनेटनं न्हाई जमत ना, मी म्हणते, तुमी माझ्याबराबर वाजवा. अन् जमलं! पहिली ओळ मी गुणगुणले, ह्यायनं बराबर वाजवली. पहिल्यांदाच त्या बाजातून गाण्याचा शब्द न् शब्द निघाला. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणले, "आगं, येतंय की!"

चार दिवस आमच्या घरात नुसती हळद. मी भाकरी थापताना म्हणायचे, धुणं पिळताना म्हणायचे, हे वाजवायचे. सोळाच्या सोळा ओळी, रोज पुऱ्या. शनिवारी रामकिसनचा फोन आला, तेव्हा मी फुशारकी मारली, "भाऊजी, पेढे तयार ठेवा." काय बाई होते मी!

सोमवारी आम्ही दोघं शाळेत पोचलो. मोठं आवार, झाडं, पोरं रांगेत चाललेली. मागं खोल्यांची एक चाळ होती, दारात तुळशी. मी मनातल्या मनात कोणती खोली आपली ते ठरवूनसुद्धा टाकलं. ह्यायला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. दार लोटलेलं, पण फट होती, फटीतून ह्यायची पाठ दिसत होती अन् समोर तीन सर. शिपाई म्हणला, "ताई, इथं आवाज करायचा नाही."

ह्यायनं सुरुवात केली. पहिली ओळ काय निघाली म्हणून सांगू! व्हरांड्यातली पोरं थांबली. मी पदर तोंडाला लावला, नुसतं हसू येऊन राह्यल्तं.

पहिली ओळ संपली. ह्यायनं भरती टाकली. अन् थांबले.

मला वाटलं श्वास घेऊन राह्यले. पण पाय ताल देत होता. पुरी एक ओळ जाईल इतका वेळ पाय ताल देत राह्यला. मंग पुन्हा भरती. पुन्हा गप. अन् तेव्हा, त्या बाकावर, माझ्या ध्यानात आलं. चार दिवस मी समजून राह्यल्ते की मी म्हणते अन् हे माझ्याबराबर वाजवतात. न्हाई हो! पहिली ओळ तेवढी हे वाजवायचे. दुसरीपासून मी म्हणायचे, अन् हे मधल्या जागा भरायचे. गाणं पुरं व्हायचं, कारण मी पुरं करायचे. मला माझाच आवाज ऐकू येत होता अन् मी समजत होते बाजा वाजून राह्यलाय. ह्यायला वाटत होतं, ओळ म्हणायचं काम माझंच. मास्तरच्या जागी मी जाऊन बसल्ते, बस.

आता हे आत थांबले होते अन् माझी वाट बघून राह्यले होते. ओळ माझ्या जिभेवर होती. हे दहा पावलांवर. शिपाई माझ्याकडं बघत होता. मी दात दाबून बसले.

एका सरांनी मायेनं विचारलं, "विसरलात का?"

"न्हाई सर. ती ओळ माझी न्हाई."

"मग कोणाची?"

ह्यायनं नुसती मान वळवली अन् दाराच्या फटीकडं बघितलं. मी खाली बघितलं.

सर माणूस चांगला. बाहेर येऊन माझ्यासमोरच म्हणले, "असा आवाज आम्हाला मिळाला नाही अजून. पण मुलांना हे गाणं शिकवणार कसे? येत्या दहा तारखेला पुन्हा या. तोवर जागा ठेवतो. एकट्याने, पूर्ण." दहा तारीख म्हणजे चाळिशी लागायच्या दोन दिवस आधी.

गाडीत मी ह्यायला सगळं सांगितलं. हे म्हणले, "मला वाटलं तू बाहेरून म्हणशील." इतकंच म्हणले अन् खिडकीतून बघत बसले. मी चिडले, खरंच चिडले, म्हणले, मी काय जन्मभर दाराबाहेर उभी राहू का? पण रागवायचं कोणावर? आता ठरलं, मी तोंड उघडायचं न्हाई. बिलकुल न्हाई.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेले, म्हणले एकटे वाजवतील. आले तर बाजा पेटीत. "तू न्हाई तर कुठून सुरू करू?" म्हणले. दुसऱ्या दिवशी मास्तरकडं जाऊन बसले. वरून एक भों आला, मंग काहीच न्हाई. मास्तर माझ्याकडं बघेना, मी मास्तरकडं बघेना. मंग मी ठरवलं, घरातच बसायचं, समोर, पण गप. ओळ तुमच्याच तोंडातून निघंल, न्हाई निघाली तर जेवण न्हाई, असं सांगितलं. हे मान हलवून हो म्हणले, शाळेतल्या पोरासारखे.

काल नऊ तारीख होती. कारखान्यातून आले, हातपाय धुतले, समोर बसले. पहिली ओळ वाजवली, मास्तरपेक्षा बी गोड. भरती टाकली. थांबले. माझ्याकडं बघितलं. मी ओठ आवळले. पाय ताल देत होता. ओळ निघून गेली. पुन्हा भरती. पुन्हा थांबले. आता कपाळावर घाम आल्ता, गालाचं हाड दिसून राह्यल्तं, दांडी अर्ध्यावर धरलेली. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, की ओळ आत कुठंतरी आहे अन् ह्यायला ती काढता येईना. एवढा मोठा माणूस. अरे देवा, मी मनात म्हणले, शालू, आणखी एक ओळ गप बस, निघंल, आता निघंलच.

तिसऱ्या ओळीला माझं तोंड उघडलं. मी म्हणले ती ओळ. सोळाव्या ओळीपर्यंत म्हणले, थांबलेच न्हाई, अन् हे माझ्यामागं भरती टाकत गेले. जीव लावून, एकबी चुकली न्हाई. संपल्यावर बाजा खाली ठेवून माझ्याकडं बघून हसले. किती सुखानं हसले, मेलं!

आज दहा तारीख. नगरकडची सकाळची गाडी कवाच गेली. आम्ही दोघं घरातच आहोत.