बाबांच्या पाठीवरचा माझा पाय

मी पायाळू. जन्मताना डोक्याच्या आधी माझे पाय बाहेर आले. आमच्या वऱ्हाडात अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीला तीनदा पाय लावला की दुखणं पळतं म्हणतात. लहानपणी दर्यापुरात आमच्या ओट्यावर मोठमोठी माणसं पालथी पडायची आणि मी ऐटीत त्यांना पाय लावत फिरायची. पुढे शिकले, अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, वर्गात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलू लागले. आणि दर रविवारी बसने दर्यापूरला जाऊन बाबांच्या पाठीला पाय लावू लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

बाबा शिंपी. उभा जन्म पायमशीनवर वाकून गेला, आणि पाठ कायमची धरली. आई गेल्यापासून घरात एकटेच. बापाला पाय लावायचा म्हणजे पाप, म्हणून मी आधी त्यांच्या पाया पडायची, मग ते चटईवर पालथे व्हायचे. उठताना म्हणायचे, "आता कसं मोकळं वाटून राह्यलं." मग चहा, आणि तासभर गप्पा. खरं सांगायचं तर तो तास मलाच हवा असायचा. दुखणं नसतं तर सासरहून मला दर रविवारी कोण सोडणार होतं?

गेल्या वर्षी कळ कमरेतून पायात उतरली. अकोल्याला मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो पाहिले, बाबांना पायाचा अंगठा वर उचलायला लावला. अंगठा अर्धवटच उठला. "गादी सरकून नस दाबली गेली आहे," डॉक्टर म्हणाले. "पायातली ताकद जातेय. ऑपरेशन लवकर करा. एकदा नस गेली की परत येईलच असं नाही."

बाहेर बाकावर बसल्यावर बाबांनी विचारलं, "करू काय वं? तू शिकेल हायस. तू म्हणशीन तसं."

शेजारचे एक काका मणक्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळले होते, ते मला आठवलं. भीती वाटलीच. पण नुसती भीती नव्हती. माझ्या पायाने बाबांना बरं वाटतं, हे मला सोडवत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, थांबू ना थोडं. मी आता बुधवारी पण येत जाईन."

त्यांचा चेहरा खुलला. मी सहा आठवडे बुधवारीही गेले.

सातव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दुकानात जाताना चप्पल पायातून निसटून गेली होती आणि चौकापर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. त्याच दिवशी अकोला गाठलं, ऑपरेशन झालं. पाठीचं दुखणं गेलं. पंजा मात्र उठला नाही, अजूनही उठत नाही. डॉक्टर मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आधी आला असतात तर..." रागावले असते तर बरं झालं असतं.

मशीनच्या पायट्यावर पाय ठरत नाही. दुकान बंद झालं. बाबा काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात.

परवा अकोटची आत्या भेटायला आली. आल्या आल्या बाबांवर तडकली, "भाऊ, डाक्टरनं सांगतलं होतं तं लवकर काहून नाही केलं ऑपरेशन? ही इतकी शिकेल पोट्टी काय करून राह्यली होती?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तिले काही बोलू नको. ते तं रोज म्हणे, बाबा करून टाका, करून टाका. मीच भेलो."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आत्या मग त्यांनाच बोलत राहिली, हट्टी म्हणाली, भित्रा म्हणाली. ते मान खाली घालून सगळं ऐकत होते. आणि मी, त्यांची शिकलेली लेक, बाजूला बसून त्यांना ते ऐकू दिलं.