मोरपंखी शाल

डांबरगोळ्यांचा वास आला की मला इथल्या, सातासमुद्रापलीकडच्या पापाटोएटो उपनगरातला तो हॉल आठवतो. आमचं छोटंसं मराठी मंडळ. दरमहा वर्गणी भरायची आणि कुणाच्या घरी आजारपण आलं, मयत झाली, की सगळ्यांनी पाठीशी उभं राहायचं. खरं तर उभ्या राहायच्या त्या आमच्या सगळ्यांच्या मावशीच. हॉस्पिटलात डबा त्यांचा, एअरपोर्टवर गाडी त्यांची, आणि वार्षिक सत्काराचं ताटही त्याच लावायच्या. त्या वर्षी सत्कार त्यांचाच होता, पण आम्ही ते त्यांच्यापासून लपवलं होतं. बाहेर इथल्या हिवाळ्यातला, जुलैचा गार पाऊस, किचनमध्ये मसालेभाताची वाफ कोंडलेली. मावशींनी मंडळाची डांबरगोळ्या घातलेली शालींची पेटी उघडली, मोरपंखी शालीवरून हळूच हात फिरवला आणि मला विचारलं, "सत्कार कोणाचा गं? परत अध्यक्षांचाच ना? मग ही कशाला, ती करडी बास." मी कसंबसं हसू दाबलं. नाव पुकारलं तेव्हा त्या भात वाढत होत्या. हातातल्या डावासकट स्टेजवर आल्या. खांद्यावर करडी शाल पडली तशा माइकमध्येच म्हणाल्या, "अगं, सांगायचं तरी! मोरपंखी काढली असती की!" सगळा हॉल खो खो हसला. पुढच्या वर्षी देऊ, असं आम्ही म्हणालो, आणि पुढचा हिवाळा मावशींनी पाहिलाच नाही. पेटी आता माझ्याकडे असते. दर वर्षी ताट लावताना मी मोरपंखी शाल बाहेर काढते, नीट घडी घालून परत आत ठेवते, आणि ताटात दुसरीच ठेवते.