दाजींची गाठ

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो हे ऐकून कॉलेजातले शिपाई, माळी, पहारेकरी, सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. एवढ्या मेहुण्यांचा भार एकट्याने पेलायचा म्हणजे थोडी गुर्मी येणारच. त्यात कॉलेजच्या अफाट हिरवळीवर गवत कापायचं मशीन चालवायचा मान त्यांचा. प्राचार्य येत-जात राहिले, दाजी अढळ.

मी त्याच कॉलेजच्या भांडारात, खिडकीत बसून सामान देतो. दाजींना मी जाड काचांचा चष्मा दिला, तो ताई कांदा चिरताना लावते. आवाज अडवायला कानांवरची झाकणं दिली, ती दाजी घरी लावतात, ताई बोलू लागली की. लोखंडी टोकाचे बूट पाहुण्यांकडे जाण्यासाठी राखून ठेवलेत. सुरक्षेची साधनं वाया गेली असं कुणी म्हणू शकणार नाही. फक्त ती मशीनपर्यंत पोचली नाहीत.

या मशीनला मुठीजवळ एक दांडी असते. ती दाबून धरली तरच इंजिन चालतं आणि चाकं पुढे सरकतात. हात सुटला की सगळं बंद. माणूस घसरला, पडला, तर खालचं पातं थांबावं म्हणून कुणा शहाण्याने केलेली सोय. दाजी तिला 'भित्र्यांची दांडी' म्हणत. त्यांनी ती नायलॉनच्या दोरीने मुठीला बांधूनच टाकली होती. बंद करायचं झालं की पेट्रोलची कळ फिरवायची आणि मशीनची धुगधुगी संपेपर्यंत वाट बघायची.

"हात मोकळे राहतात," ते सांगत. मोकळ्या हातांनी ते चालता चालता मोबाइल बघत. खाली ओलं गवत अडकलं की मशीन बाकाला नाहीतर झाडाला टेकवून, चालू पात्याशेजारी हात घालून ते उपसत. थांबायला वेळ कुणाला होता! उरलेला सगळा वेळ ते झाडाखाली बसून काढत.

त्या मोकळ्या हातांपैकी उजव्या हाताच्या तर्जनीला टोक नव्हतं. साहेबांना त्यांनी सांगितलं होतं, लिफ्टच्या दारात सापडलं. पहारेकऱ्याला सांगितलं, कुत्र्याने तोडलं. आणि स्वतःच्या लेकीला म्हणायचे, "तुला दात येत होते ना, तेव्हा तू चावलीस." पोरगी लहानपणी हे अभिमानाने सांगत फिरायची. मोठेपणी तिला थाप कळली, पण तोवर तो घरातला जुना विनोद झाला होता. विनोदाच्या मुळाशी कोण जातं? खरं काय ते ताईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि मशीनला.

मग माझी ही भाची त्याच हिरवळीवर मशीन चालवायला नोकरीला लागली. दाजींची छाती फुगली. ताईने मात्र मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, "मामा आहेस ना तिचा? तिच्या हातांकडे लक्ष ठेव. मला या घरात आणखी एक विनोद नकोय."

मी भाचीला चष्मा दिला, हातमोजे दिले, सूचना मोठ्याने वाचून दाखवल्या. ती शहाण्या मुलीसारखी मान हलवत राहिली.

"मामा, कशाला काळजी करतोस? बाबांनी शिकवलंय मला."

माझी काळजी तीच होती.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याच्या पुढचा माणूस ठेच लागल्यावर निदान लंगडत असावा. आमचे पुढचे ठेच लागूनही ऐटीत चालत होते, आणि मागचीला ती चालच आवडली होती.

त्या दिवशी गवत ओलं होतं. दाजी हिरवळीच्या एका टोकाला, भाची माझ्या खिडकीसमोर. तिचं मशीन घरघरलं आणि अडलं. तिने ते बाकाला टेकवलं, हात सोडले, आणि मशीन चालूच राहिलं. तेव्हा मला तिच्या दांडीवरची दोरी दिसली. ती हातमोजा काढून खाली वाकली. मी ओरडत धावलो, पण त्या आवाजात मला कोण विचारतो!

दाजींनीही पाहिलं होतं. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा धावताना पाहिलं. त्यांचं मशीन मात्र थांबलं नाही. ते मालकाविना रमतगमत पुढे गेलं आणि प्राचार्यांच्या गुलाबांत शिरून कट्ट्याला टेकलं.

भाचीची बोटं आत जाणार तेवढ्यात दाजींनी तिचा दंड धरून तिला मागे खेचलं. दोघंही ओल्या गवतात आपटली.

"काय झालं बाबा?" ती चिडून ओरडली. "तुम्ही असंच तर काढता!"

दाजी उठले आणि दोरीला भिडले. पेट्रोलची कळ त्यांना सुचली नाही, खरं सांगायचं तर मलाही सुचली नाही. गाठ त्यांच्याच पद्धतीची, पण सुटेना. बिनटोकाचं बोट तिच्यावरून घसरत होतं. मी त्यांना चार शब्द सुनावायला धावत आलो होतो. ते बोट पुन्हा घसरताना पाहिलं आणि ते शब्द गिळले.

"सरका बाबा. तुमच्यासारखीच बांधलीय." भाचीने गाठ नखांत धरून सोडली. दांडी उसळली, मशीन गप्प झालं. गुलाबांतून दुसऱ्याची घरघर येतच होती.

दाजींनी तिचे दोन्ही हात धरले आणि भेंडी निवडावी तसं एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. मग आपलं तुटकं बोट तिच्यासमोर धरलं.

"हे तू नव्हतीस चावली."

भाची बोटाकडे बघत राहिली, मग मशीनकडे.

"तेव्हा दोरी होती?"

"होती."

"आणि नंतर पुन्हा बांधलीत?"

लिफ्ट, कुत्रा, दुधाचे दात, सगळं सांगून झालेल्या माणसाने ते बोट मुठीत मिटलं.

भाचीने दोरी खिशात घातली आणि गुलाबांकडे गेली. मागच्या बाजूने वाकून आधी पेट्रोलची कळ बंद केली, पातं थांबेपर्यंत उभी राहिली, आणि मग बाबांची गाठ सोडायला बसली. दाजी तिच्याशेजारी उभे होते, दोन्ही हात मोकळे.